पाचव्या खेपेला आई पास झाली

१२ जानेवारी

ताई,

आधी 'तीर्थरूप' लिहिलं आणि खोडलं. मग 'प्रिय' लिहिलं, तेही खोडलं. आता नुसतं ताई. तू फोन उचलत नाहीस, मेसेज उघडत नाहीस, आणि जाताना दारात म्हणालीस की तुझा आवाजसुद्धा नको मला. ठीक आहे, कागदाला आवाज नसतो.

माफी मागायला लिहीत नाहीये हे आधीच सांगतो, नाहीतर दोन ओळी वाचून खूश होशील. वर्षातून दोन दिवस यायचं, आईने एकच गोष्ट तीनदा विचारली की लगेच तिला मेंदूच्या डॉक्टरकडे न्यायला निघायचं, याला मी तेव्हाही अतिरेक म्हणालो आणि आताही म्हणतो. तिचं वय झालंय. आयुष्यभर वॉर्डात नर्स म्हणून उभी राहिली, रात्रपाळ्या करून झोपेचं खोबरं झालं. एवढंच आहे ते.

लिहायचं कारण वेगळं आहे. छापखान्यातलं माझं काम अर्ध्या दिवसावर आलंय. पत्रिका, पावतीपुस्तकं, दुकानांच्या पाट्या, सगळं लोक आता मोबाइलवरच करून घेतात. मालकांनी हे मला चहा पाजून सांगितलं, म्हणजे त्यांना वाईट वाटलं असावं. म्हणून मी एक क्लास लावलाय, यूएक्स डिझाइनचा. तू विचारणारच, म्हणून सांगतो. मोबाइलच्या स्क्रीनवर कुठलं बटण कुठे ठेवायचं, काय आधी विचारायचं, काय नंतर, म्हणजे वापरणारा माणूस अडकणार नाही, हे ठरवायचं काम. क्लासमधली पोरं मला काका म्हणतात. म्हणू देत.

सर पहिल्याच दिवशी म्हणाले, "वापरणारा माणूस कधीच चुकत नाही. तो चुकला असं वाटलं, की समजा तुमचं डिझाइन चुकलंय." मला हे वाक्य इतकं भावलं की मी ते मोठ्या अक्षरात छापून कपाटाच्या दारावर चिकटवलं. आमचे मालक जन्मभर गिऱ्हाइकाच्या अकलेचे वाभाडे काढत आले. इथे कुणीतरी उलट बोलत होतं.

आणि हे घरातही लागू पडतं बरं का. परवा आईने दूध एका शेगडीवर ठेवलं आणि जाळ दुसरीचा लावला. तू असतीस तर तोंडावर हात ठेवला असतास. मी वाकून बटणं बघितली. चार बटणं एका ओळीत आणि चार शेगड्या चौकोनात, कुठलं कुणाचं हे कुणाच्या बापाला कळणार? मी प्रत्येक जोडीला एका रंगाचा ठिपका चिकटवला. दोष आईचा नव्हता, शेगडीचा होता.

बारक्या


६ फेब्रुवारी

ताई,

उत्तर आलं नाही, येणार नव्हतंच. तरी लिहितो, कारण ही गंमत सांगायला दुसरं कुणी नाही.

क्लासमध्ये प्रत्येकाने एक प्रकल्प करायचा असतो. तोच पुढे मुलाखतीत दाखवायचा. सर म्हणाले, पदवी कुणी बघत नाही, तुम्ही विचार कसा करता ते बघतात. मी गोळ्यांची आठवण करून देणारं ॲप घेतलंय. म्हाताऱ्या माणसांसाठी. सकाळची गोळी घेतली का, रात्रीची राहिली का, एवढंच. वापरून बघणारं माणूस घरातच आहे, रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्यांसकट.

याची एक पद्धत असते. समोरच्याला एक काम द्यायचं, 'सकाळची गोळी घेतली, अशी नोंद करा,' आणि मग नुसतं बघत बसायचं. मदत करायची नाही. तो चुकीच्या बटणाकडे गेला तरी बोलायचं नाही. "तोंड बंद, हात मांडीवर," असं सर म्हणतात. तुम्ही मदत केलीत की चाचणी मेली. हे किती कठीण आहे ते करून बघितल्याशिवाय कळत नाही. आपलंच माणूस दारात उभं आहे, किल्ली त्याच्या हातात आहे, आणि आपण आतून कडी न काढता बघत बसायचं.

आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर करतो. मोबाइल समोरच्या फळीवर टेकवून चित्रण करतो. जागा इतकी अपुरी की आई, तिच्या हातातला फोन आणि मी, सगळेच चौकटीत येतो. सर म्हणाले, चालेल.

पहिल्या खेपेला आईने भलतंच काहीतरी दाबलं आणि खो खो हसत सुटली. म्हणाली, अरे तुझ्या यंत्राला वाटलं असेल, मी मेले. मीही हसलो. मग वहीत लिहिलं, अक्षरं लहान आहेत. दुसऱ्या खेपेला अक्षरं मोठी केली, तरी अडली. मग लिहिलं, रंग एकसारखे आहेत.

आणखी एक. मागच्या आठवड्यात आई खालच्या मजल्यावरच्या दाराला आमची किल्ली लावत उभी होती. खालच्या काकूंनी वर आणून सोडलं. आमच्या इमारतीत प्रत्येक मजल्याला तोच हिरवा दरवाजा, तीच कडी, तोच पायपुसणं टाकायचा कोपरा. मीसुद्धा कधीतरी चुकेन. मी आमच्या दारावर मोठं पिवळं वर्तुळ रंगवलंय. काकू म्हणाल्या, छान दिसतं. त्यांच्या चेहऱ्यावरून मात्र तसं वाटलं नाही.

बारक्या


२७ फेब्रुवारी

ताई,

तुझं कार्ड मिळालं. दोनच ओळी, पण तुझं अक्षर ओळखून बरं वाटलं, हे खोटं कशाला बोलू. 'आईसुद्धा आता फोनवर हो-नाहीपलीकडे बोलत नाही. तिला तूच बरोबर वाटत असशील.' असं लिहिलंयस.

मी तिला तुझ्याविरुद्ध एक शब्द सांगितलेला नाही. तुझा फोन आला की ती आतल्या खोलीत जाते, कानाला लावून उभी राहते, हो, बरं, चाललंय, असं म्हणते आणि ठेवते. कुणाचा होता विचारलं तर म्हणते, तुला काय करायचंय. मला वाटलं तुमचं माय-लेकींचं काहीतरी गुपित आहे, आणि मला रागही आला. तेव्हा आपण दोघंही सारखेच मूर्ख.

प्रकल्प अडलाय. तिसऱ्या खेपेला मी प्रत्येक गोळीचा फोटो टाकला. चौथ्या खेपेला फोटो काढले आणि सकाळी सूर्य, रात्री चंद्र केला. आई सूर्याकडे बघते, चंद्राकडे बघते आणि माझ्याकडे बघते. आता ती हसत नाही. चौथ्या खेपेनंतर तिने फोन टेबलावर पालथा ठेवला आणि म्हणाली, "माझ्यामुळे तुझं काम अडतंय का रे?" मी म्हणालो, तुझ्यामुळे नाही, माझ्या डिझाइनमुळे. हे मी तिची समजूत काढायला म्हणालो नाही, मला खरंच तसं वाटतं. दुसऱ्या कुणाचा मुलगा आईवर खेकसला असता. मी चार वेळा स्वतःचं काम फाडून टाकलं. तू माझ्याबद्दल काही म्हण, पण एवढं बघ.

परवा तिला जरा चक्कर आली. ऊन फार होतं. आता बरी आहे.

बारक्या


१९ मार्च

ताई,

जमलं.

पाचव्या खेपेला मी सगळा पसारा काढून टाकला. एका स्क्रीनवर एकच प्रश्न आणि खाली दोनच बटणं. 'सकाळची गोळी घेतली?' आणि 'घेतली', 'राहिली'. आई पास झाली. मी प्रश्नांचा क्रम बदलून पुन्हा विचारलं, पुन्हा पास. दुसऱ्या दिवशी पुन्हा पास. वेळ लागतो, बोट हवेत धरून बसते, दाबायच्या आधी एकदा माझ्याकडे बघते, परीक्षेला बसलेल्या पोरीसारखी. पण दाबते ते बरोबरच. आणि मी तोंड बंद, हात मांडीवर. एक अक्षर बोललो नाही, चित्रण आहे माझ्याकडे.

सरांनी माझा प्रकल्प सगळ्या वर्गाला दाखवला. म्हणाले, ही खरी मनोवृत्ती. चार वेळा हरायचं आणि एकदाही वापरणाऱ्याला नाव ठेवायचं नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या. या वयात टाळ्या म्हणजे काय असतं ते तुला नाही कळायचं, तुला शाळेपासून मिळतायत.

त्यावर एका कंपनीने मुलाखतीला बोलावलंय. औषधांचीच ॲप बनवतात. त्यांना माझी पाचवी खेप विकत घ्यायचीय म्हणे, म्हणजे मला नोकरीवर ठेवून तीच पुढे न्यायचीय. छापखान्यात अजून कुणाला बोललो नाही. आईला सांगितलं. तिने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

तू डॉक्टर डॉक्टर करत होतीस. बघ, नीट मांडून दिलं की तिला सगळं जमतं. हे मी तुला जिंकल्यासारखं लिहितोय, मला माहीत आहे. थोडं जिंकू दे.

बारक्या


४ एप्रिल

ताई,

हे पत्र बसून वाच.

मुलाखत झाली. काचेची खोली, लांब टेबल, पलीकडे तिघं. साहेब खूश होते, मधेच मोबाइल बघत मान डोलवत होते. कोपऱ्यात एक वयस्क बाई होत्या, त्यांना सगळे मोठ्या मॅडम म्हणत होते. त्या वहीत काहीतरी टिपत होत्या. शेवटी म्हणाल्या, चित्रणं दाखवा. पहिली खेप आणि पाचवी, लागोपाठ.

मी लावली. त्यांनी आवाज बंद केला. मग पाचव्या खेपेला टेबलावर वाकल्या आणि आईच्या हातातला फोन जिथे दिसतो तेवढा भाग तळहाताने झाकला. राहिलो आम्ही दोघं, आई आणि मी.

"आता तुमच्याकडे बघा," त्या म्हणाल्या.

ताई, आईचं बोट डावीकडे जातं आणि माझ्या कपाळाला आठी पडते. ती माझ्याकडे बघते. बोट उजवीकडे नेते, माझी आठी जाते. ती दाबते. पुढचा प्रश्न, पुन्हा तेच. मी तोंड बंद ठेवलं होतं, हात मांडीवर ठेवले होते, आणि सगळी उत्तरं कपाळावर लिहून तिच्यासमोर बसलो होतो. मी चित्रण कितीदा तरी पाहिलं होतं, पण दर वेळी तिचं बोट बघत होतो.

"त्या स्क्रीन वाचतच नाहीयेत," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला वाचतायत. पहिल्या खेपेला चुकल्या तेव्हा त्या फोनकडे बघून हसल्या होत्या. आता त्या फोनकडे बघतसुद्धा नाहीत. आईंना डॉक्टरांना दाखवलंय का?"

तुझाच प्रश्न, तुझ्याच शब्दांत. आणि मी, इतकं सगळं डोळ्यांसमोर असताना, म्हणालो की वापरणारा माणूस कधीच चुकत नाही. ताठ बसून म्हणालो. त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, "ते वाक्य आपल्याला उद्धटपणा येऊ नये म्हणून आहे हो. माणसाकडे बघू नये म्हणून नाही."

साहेबांना हे काही पटलं नव्हतं, त्यांना स्क्रीन आवडली होती. मॅडम म्हणाल्या, तुम्ही ठरवा. मी तिथेच सांगितलं की पाचवी चाचणी धरू नका, ती खोटी आहे. साहेबांचा चेहरा पडला. बाहेर आलो तेव्हा मॅडम दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, नोकरीचं काही सांगता येत नाही, पण माणसाकडे बघायला शिका, स्क्रीन काढायला तुम्हाला येतंच.

घरी येऊन मी आईला फोन दिला आणि माझी खुर्ची तिच्या मागे नेऊन ठेवली. म्हणालो, कर. ती बराच वेळ बसली. बोट वर, खाली, वर. मग मान न वळवता म्हणाली, "समोर ये ना. तिकडे नको बसू."

आता जे लपवलं ते लिहितो. चक्कर उन्हाने आली नव्हती. ॲपने विचारलं म्हणून तिने सकाळची गोळी दुसऱ्यांदा घेतली होती, पाकिटातून दोन गेल्या होत्या. मी मोजल्या आणि वहीत लिहिलं, 'प्रश्नाची भाषा सुधारणे'. खालच्या मजल्यावर ती एकदा नाही, बऱ्याचदा गेलीय. काकूंनी मला डॉक्टरांचं नाव लिहून दिलं होतं, मी त्या चिठ्ठीच्या मागे बटणांचं चित्र काढलं. तुला सगळं दिसलं होतं. मलाही दिसत होतं, फक्त मी प्रत्येक वेळी ते शेगडीत, दारात आणि स्क्रीनमध्ये नेऊन टाकत होतो, कारण शेगडी मला दुरुस्त करता येते.

परवाची वेळ मिळालीय डॉक्टरांची.

बारक्या


२३ एप्रिल

ताई,

आधी निकाल. विस्मरणाचा आजार आहे, सुरुवातीचा टप्पा मागे पडलाय. मी विचारलं, आधी आलो असतो तर? डॉक्टर म्हणाल्या, थोडा जास्त उपयोग झाला असता औषधांचा. थोडाच. हा 'थोडाच' त्यांनी माझ्याकडे बघून जोडला, हे मला कळलं. तुला कळवताना मी तो गाळणार होतो, कारण त्याने माझं ओझं हलकं होतं. पण तुझंही व्हावं म्हणून लिहिला.

डॉक्टर बाई तरुण आहेत. आई नर्स होती हे कळल्यावर तिला सिस्टर म्हणायला लागल्या, आई एकदम सरळ बसली. मग त्यांनी कोरा कागद आणि पेन्सिल तिच्यासमोर ठेवली आणि म्हणाल्या, सिस्टर, घड्याळ काढा, आकडे घाला आणि अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. मग मला म्हणाल्या, "तुम्ही मदत करायची नाही हं."

मला हसू आलं.

तिने गोल छान काढला. बारा, एक, दोन, तीन असे आकडे घातले, ते सगळे उजव्या बाजूला दाटीवाटीने उभे. डावी बाजू रिकामी राहिली. तिला काहीतरी चुकलंय एवढं जाणवलं. पेन्सिल उचलली आणि तिने माझ्याकडे बघितलं. ताई, मी मान खाली घातली. माझ्या बुटांकडे बघत बसलो. ती बघतच होती, मला कळत होतं, आणि मी वर बघितलं नाही. एवढी नीट चाचणी मी आयुष्यात घेतली नव्हती.

कोरा कागद होता. एक पेन्सिल होती. त्यात मी काय बदलणार होतो?

बाहेर बाकावर बसलो. समोर फरशी पुसणारी बाई आमच्या पायांपाशी थांबली, आम्ही पाय उचलले, ती गेली. मग आई म्हणाली, "मला कुठलं दाबायचं ते कळत नव्हतं रे. तुझ्याकडे बघितलं की कळायचं. तुझं काम व्हायला हवं होतं ना." मी डॉक्टरांच्या कागदाची घडी घातली. ती म्हणाली, "मग झालं का?"

मी म्हणालो, झालं.

तिने माझ्याकडे बघितलं. जन्मभर जसं पेशंटकडे बघितलं तसं. वॉर्डातली माणसं दुखणं तोंडाने सांगत नाहीत, चेहऱ्याने सांगतात, म्हणायची ना ती. मग माझ्या गुडघ्यावर थोपटून म्हणाली, "नाही झालं."

नाही झालं, ताई. त्यांनी दुसऱ्याला घेतलं. क्लासमधलाच आहे, मला काका म्हणतो. मी प्रकल्पाच्या शेवटी एक पान जोडलंय: ही चाचणी फसली, कारण घेणारा स्क्रीन बघत होता. मोठ्या मॅडमना पाठवलं. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं, की या सगळ्यात हे एकच पान तुमचं आहे. नोकरीबद्दल काही नाही. सकाळी छापखान्यात जातो, तेवढा वेळ खालच्या काकू वर येऊन बसतात. गोळ्या आता मी माझ्या हाताने देतो. ॲप पुसून टाकलं. ठिपके आणि पिवळं वर्तुळ ठेवलंय, त्याचा खरंच थोडा उपयोग होतो.

क्लास सोडलेला नाही. सर म्हणाले, हे वर्गात सांगा. मी म्हणालो, आत्ता नको.

आता ज्यासाठी लिहितोय ते. तुझा रविवारी फोन आला तेव्हा मी आईच्या शेजारी उभा होतो. तुझा आवाज ऐकून ती फोनकडे बघायला लागली. उलटा केला, सुलटा केला, काचेवरून अंगठा फिरवला. मग नेहमीचं, हो, बरं, चाललंय. ती रागावलेली नाही. ती कुणाच्या बाजूची नाही. फोनवर तिला तुझा चेहरा दिसत नाही, आणि त्याशिवाय तिला आता काय उत्तर द्यायचं ते सुचत नाही. व्हिडिओही करून बघू नकोस, त्यात माणूस टपालाच्या तिकिटाएवढं दिसतं.

तर ये. जमेल तेवढ्या लवकर ये, कारण चेहरे वाचणंही किती दिवस टिकेल हे मी विचारलं आणि डॉक्टरांनी नीट उत्तर दिलं नाही.

आणि एक सांगतो, हे मी आता शिकलोय. माझ्यावरचा राग जिन्यातच ठेव, वर आणू नकोस. परत जाताना घेऊन जा, मी अडवणार नाही, तो खराच आहे. पण दार आई उघडेल. ती आधी तुझ्या चेहऱ्याकडे बघेल, आणि तू तिची कोण आहेस ते तिथूनच शोधेल.

तुझा
बारक्या